लोणसऱ्याचं कागदऊन

दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी लोणसऱ्याच्या तळ्यावर गेलात, तर पाळीवरून, म्हणजे बांधावरून, सरळ चालता येत नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत घोंगड्या अंथरलेल्या असतात आणि घोंगड्यांवर कागद. घराघरांतली जुनी पत्रं, लग्नांतले फोटो, शेतांचे नकाशे, विहिरींचे आणि देवळाचे आराखडे, कुणाच्या आजोबांनी लढाईवरून धाडलेलं कार्ड. वाऱ्याने उडू नयेत म्हणून प्रत्येकावर नदीतला एकेक गोटा. सकाळी दव सुकलं की मांडतात, ऊन कलायच्या आत उचलतात. याला गावात कागदऊन म्हणतात. पाहुण्यांनी वाकून कुणाचं पत्र वाचलं तरी कुणी रागावत नाही. न वाचता पुढे गेलं तर मात्र घरच्या बाईला वाईट वाटतं.

हे कशासाठी, असं विचारलं की देवळाचे सोपानराव गुरव आधी बसायला सांगतात. म्हणतात, "उभ्या उभ्या सांगण्यासारखं नाही ते." मग ते ठकूबाई माळणीची हकिकत सांगतात. त्यांना ती त्यांच्या आजीने सांगितली, आजीला तिच्या सासूने. आणि सासूने तर, म्हणे, सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं.

ठकूबाईचा मळा तळ्याच्या पाळीला लागून, खालच्या अंगाला. एका उन्हाळ्यात फोटो काढणारा एक फिरस्ता बैलगाडीतून गावात आला. तीन पायांची घोडी, त्यावर पेटी, पेटीवर काळं कापड. तेव्हा फोटो म्हणजे काय हे लोणसऱ्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. चार दिवस तो ठकूबाईच्या मळ्यातल्या आंब्याखाली उतरला, तिच्या हातची भाकरी जेवला, आणि जाताना म्हणाला, "बाई, तुमच्या पोरीचं चित्र काढून देतो."

पोरीचं नाव शेवंता. सहा वर्षांची, पायाला भिंगरी. त्याने तिला पाळीवर उभं केलं, पण ती जागेवर ठरेना. शेवटी तो म्हणाला, "मारुतीला धरून उभी राहा. देवाला धरलं की हलायचं नसतं." तेव्हा मारुती पाळीच्या मधोमध, उघड्यावरच होता. शेवंताने त्याच्या दंडाला मिठी मारली आणि श्वास रोखला. पाठीमागे तळं, आणि पाळीच्या कडेने त्याच ओळीत थोड्या अंतरावर दगडी दीपमाळ.

फोटो डाकेने आला तो दिवाळीत. शेवंता भाद्रपदातच तापाने गेली होती.

तिचा बाप रखमाजी म्हणाला, "हे घरात नको. तिच्या झग्यासंगं नदीत सोडू." ठकूबाईने हो म्हणून मान हलवली. नदीवर गेली, झगा सोडला, आणि फडक्यात गुंडाळलेला एक फळीचा तुकडाही सोडला. फोटो तिच्या पेटीच्या तळाशी राहिला, हे नवऱ्यालासुद्धा कळलं नाही. पुढच्याच वर्षी पाळीवरून गाडीवाट काढली. वाटेत येतो म्हणून मारुती उचलून गावाच्या वेशीत नेला, त्याची जागा मुरूम टाकून सपाट केली. वीस वर्षं गेली. वाटेच्या कडेने निवडुंग माजला. मारुती नेमका कुठे होता, हे सांगणारी माणसं पुष्कळ होती, पण प्रत्येकाचा मारुती वेगळ्या जागी होता.

आणि मग ते साल आलं. गौरींचं विसर्जन झालं आणि पावसाने जो जोर धरला, तो तीन दिवस सोडेचना. चौथ्या दिवशी सकाळी मोठा आवाज झाला. ठकूबाईला वाटलं, वीज पडली. पण डोंगराचा अख्खा कडा सुटून तळ्याच्या सांडव्यात येऊन बसला होता. जास्तीचं पाणी जायची ती एकच वाट, आणि तीच बुजली. डोंगरावरून पाणी येतंय, जायला जागा नाही. तळ्याच्या घाटाच्या पायऱ्या एकामागून एक बुडू लागल्या. पाळीच्या खाली दोनशे घरं, आणि तिथून अर्ध्या कोसावर दुसरं गाव.

माणसं गुरं सोडून डोंगराकडे निघाली. म्हातारी, बाळंतिणी, अंथरुणाला खिळलेले, यांना कुणी पाठीवर घेतलं, कुणी झोळीत. ठकूबाई आणि रखमाजी मात्र पाळीवर धावले. मळा सुटत नव्हता म्हणा, किंवा पाय आपोआप तिकडे वळले म्हणा.

पाळीवर हैबती पाथरवट उभा होता. हातात पहार, आणि काखेत मेण चोपडलेल्या कापडाची गुंडाळी.

"ठकूवैनी," तो ओरडला, "माझ्या आज्यानं हितं खाली दुसरी मोरी बांधली व्हती! गळाय लागली म्हणून त्यानंच बुजवली. ती फोडली तर पाणी गावाला वळसा घालून वढ्याला जाईल. ह्यो बगा त्याचा नकाशा!"

पाथरवटांच्या घरातला तो नकाशा बाहेरच्या माणसाने कधी पाहिला नव्हता. धंद्यातली विद्या म्हणून ते जिवापलीकडे जपत. रखमाजीने घोंगडीचा आडोसा धरला आणि तिघांनी डोकी खुपसली. मांजरपाटाच्या जाड कापडावर गेरूने काढलेली पाळ, पाळीच्या पोटातून गेलेली मोरी, वर मारुतीचं चित्र. मारुतीपासून मोरीपर्यंत रेघ, रेघेवर लिहिलेलं: नऊ हात. आणि नेमकी दिशा लिहिलेली कड उंदरांनी खाल्लेली.

"नऊ हात कुठं? उगवतीला का मावळतीला?" रखमाजीने विचारलं.

हैबतीने कुरतडलेल्या कडेवरून बोट फिरवलं. चुकीच्या जागी खणलं तर पावसाने ढिली झालेली पाळ तिथेच फुटणार, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. पण पाणी थांबायला तयार नव्हतं. शेवटी हैबतीने एका जागी पाय रोवले, बजरंगबलीचं नाव घेतलं आणि पहार उचलली.

"थांब हैबती! थांब!"

गावाकडून अंताजीपंत कुलकर्णी धावत येत होते. डोकं बोडकं, धोतराचा सोगा चिखलात. शेताला पाणी घेण्याची पाळी कुणाची यावरून भांडण झाल्यापासून अकरा वर्षं त्यांनी हैबतीचं तोंड पाहिलं नव्हतं. हैबती नकाशा घेऊन पाळीवर गेल्याचं त्यांना कुणीतरी सांगितलं, आणि डोंगराकडे निघालेले पंत अर्ध्या वाटेतून परत फिरले. दप्तर उपसलं आणि एक पत्र छातीशी धरून धावले.

"तुझ्या आजोबांनी माझ्या आजोबांना लिहिलेलं पत्र आहे हे," ते धापा टाकत म्हणाले. "मोरी बुजवली तेव्हाचं. ऐक. 'मोरी मारुतीरायाच्या उगवतीस आहे. पुढेमागे उघडणे पडल्यास तोंडाचा वरचा दगड आधी काढावा, खालच्यास हात लावू नये. कमरेस दोर बांधल्याशिवाय कोणी उतरू नये.'"

हैबतीने पहार खाली ठेवली. आज्याचे शब्द तो जन्मात पहिल्यांदा ऐकत होता. त्याने पंतांच्या पायाला हात लावला, पंतांनी त्याला खांद्याला धरून उठवलं. अकरा वर्षांचं सगळं तेवढ्यात मिटलं. बोलायला वेळच नव्हता.

"उगवतीला नऊ हात," हैबती म्हणाला. "पर कशापासनं? मारुती कुठं व्हता?"

आता पाळीवर पंधरा-वीस गडी गोळा झाले होते. एक म्हणाला निवडुंगाच्या अलीकडे, दुसरा म्हणाला छे, पार पलीकडे. दोघांत तीस हातांचं अंतर. एकजण तर रडायलाच लागला. तोवर पाणी वरून सातव्या पायरीला लागलं होतं.

तेव्हा ठकूबाई वळली आणि मळ्याकडे पळत सुटली. रखमाजीला वाटलं, बाईचं डोकं फिरलं. ती परत आली तेव्हा तिच्या डोक्यावर इरलं होतं आणि इरल्याखाली, छातीशी, फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. तिने फडकं सोडलं.

रखमाजी पुढे सरकला. "हे... हे तर आपण नदीत सोडलं व्हतं."

"म्या नव्हतं सोडलं," ठकूबाई म्हणाली. "नंतर काय बोलायचं ते बोला. आदी ह्यो मारुती बगा."

इरल्याखाली सगळी डोकी एकत्र आली. वीस वर्षांत त्या फोटोवर परक्याची नजर पडली नव्हती, आणि आता चिखलाची बोटं त्याच्यावरून फिरत होती. इथे मारुती, इथे दीपमाळ! दीपमाळ तर अजून जागेवरच आहे! म्हणजे दीपमाळेपासून उगवतीला मारुती. पण किती हातांवर? चित्रात सगळंच बोटभर. मोजायचं कसं?

गडी पुन्हा एकमेकांकडे बघू लागले. ठकूबाई मात्र लेकीकडे बघत होती. अचानक तिने पदराचा एक धागा ओढून काढला. फोटोतल्या शेवंताच्या पायापासून डोक्यापर्यंत तो ताणला आणि नखाने खूण केली. मग तोच धागा मारुतीपासून दीपमाळेपर्यंत धरत नेला. एक. दोन. तीन. चार. आणि वर अर्धा.

"माझ्या पोरी साडेचार," ती म्हणाली. "मारुतीपासनं दीपमाळ, शेवंता साडेचार."

"अगं पण शेवंता केवढी होती, हे आता कोण सांगणार?" पंत म्हणाले.

ठकूबाई ताठ उभी राहिली. कमरेला निऱ्या खोचतात त्या जागी तिने तळहात आडवा धरला.

"एवढी. मिठी मारली की तिची टाळू हितं लागायची. बरोबर हितं. मला इचारता व्हय पंत, केवढी व्हती?"

हैबतीने कुंपणातला कळकाचा बांबू उपटला, तिच्या पायाशी उभा धरला आणि तळहाताच्या उंचीवर तोडला. दीपमाळेच्या बुडापासून रखमाजीने स्वतः मोजायला घेतलं. काठी आडवी टाकायचा, टोकाला खूण करायचा, पुन्हा उचलायचा. चार झाल्या आणि वर अर्धी. तिथे मुरूम उकरला तर हातभर खाली शेंदराचा लाल थर! मारुतीची बैठक! असा काही कल्लोळ झाला, की डोंगरावर चढलेल्यांना वाटलं पाळ फुटली.

तिथून उगवतीला नऊ हात. पाळीच्या उतारावर पंधरा पहारी एकदम पडू लागल्या. दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढ्या खोलीवर खणखणीत आवाज आला. घडीव दगड! हैबतीने कमरेला दोर बांधला. दोराचं दुसरं टोक सहा जणांनी धरलं आणि त्यांत सगळ्यांत पुढे पंत होते. हैबती खाली उतरला, वरच्या दगडाच्या सांध्यात पहार घातली, पिळली. दगड हलला.

"वडा!" तो ओरडला.

त्यांनी ओढलं आणि त्याच क्षणी पाणी सुटलं. म्हणे, दगड तोंडातून थुंकल्यासारखा वीस हात लांब उडाला. हैबती वर लोंबकळत होता आणि त्याच्या पायाखालून पिवळा लोंढा गर्जना करत ओढ्याकडे चालला होता. रखमाजी घाटावर धावला. पाणी तिसऱ्या पायरीवर होतं. तो हात वर करून उभाच राहिला. बराच वेळ पाणी तिथेच राहिलं. मग तिसरी पायरी ओली, रिकामी दिसली. मग चौथी.

माणसं नाचली, रडली, चिखलात लोळली. पंतांनी हैबतीला कडेवर घ्यायचंच बाकी ठेवलं होतं. या सगळ्या गडबडीत इरलं कुठे उडालं, फोटो कुणाच्या हातून कुणाच्या हातात गेला, कुणाला कळलं नाही. ठकूबाईला तो चिखलात सापडला. तिने पदराने हलकेच पुसला, तर चित्राचा पापुद्रा पदरालाच लागून आला आणि विरघळून गेला. हातात नुसता पुठ्ठा राहिला.

पंत खाली मान घालून म्हणाले, "ठकूबाई, आमच्यापायी तुमची लेक..."

ठकूबाईने तो पुठ्ठा फडक्यात गुंडाळून कमरेला खोचला, असं सांगतात. मग तिने चिखलात पडलेली कळकाची काठी उचलली, उभी धरली, आणि तिच्या टोकावरून हात फिरवला. लहान मुलाच्या डोक्यावरून फिरवावा तसा.

"चित्र गेलं," ती म्हणाली. "पोर हाय."

रखमाजीने तिच्या हातून काठी घेतली आणि खांद्यावर टाकली. अशीच तो शेवंताला मळ्यातून घरी आणायचा. वीस वर्षांत दोघांनी तिचं नाव घेतलं नव्हतं. त्या दिवशी घरी जाईपर्यंत ते तिच्याबद्दलच बोलत होते.

दसऱ्यानंतर ऊन पडलं, तेव्हा अंताजीपंतांनी घरातलं सगळं दप्तर पाळीवर आणून उघडं केलं. भिजलेलं वाळवायचं होतंच. पण त्यांनी गावासमोर शपथही घेतली, की आमचा कागद यापुढे पेटीत एकटा राहणार नाही, वर्षातून एकदा सगळ्यांच्या डोळ्यांखालून जाईल. शेजारी हैबतीने आज्याचा नकाशा पसरला. त्यांच्यामागून एकेक घर येत गेलं.

आजही कागदऊन सुरू होण्याआधी गाव पाळ मोजतं आणि त्या वर्षीचा नवा नकाशा काढतं. कुणाचा गोठा सरकला, कुठला नळ हलवला, कुठलं झाड पडलं, सगळं त्यात येतं. सरकारी माणसं येतात ती मीटरमध्ये मोजतात, त्याला कुणाची ना नाही. पण गावाच्या नकाशाखाली माप लिहिलेलं असतं ते एकच. पाळीची लांबी, शेवंता एकशे सत्तर. रुंदी, शेवंता सहा. मोजून झालं की काठी दीपमाळेला टेकवून ठेवतात आणि त्या वर्षी सहा वर्षांची झालेली मुलं तिच्याशेजारी उभी राहायला रांग लावतात.