तांबटाने रांधलेले कढण

फार मागची गोष्ट. इतकी मागची, की त्या राज्याचे नाव आता कुणालाच सांगता येणार नाही. त्या राज्यात डोंगराच्या पायथ्याशी तांबटांची एक आळी होती आणि आळीत एक तांबट राहत असे. त्याने घडवलेली पातेली लग्नघरांत जात, देवळांत जात, राजाच्या मुदपाकखान्यातही जात. पण लहानथोरांनो, नवल ऐका. दुसऱ्यांच्या चुलींसाठी जन्मभर भांडी घडवणाऱ्या या माणसाने स्वतः कधी चूल पेटवली नव्हती.

घरात तो आणि त्याची बायको, दोघेच. त्या आळीत एक रीत होती. देवाला नैवेद्य दाखवण्याआधी अन्न जिभेला लावायचे नाही. नैवेद्य झाला की आधी नवरा जेवी, मग बायको. म्हणजे जिने रांधले तिला आपल्या हातची चव सगळ्यांत शेवटी कळे. तांबट पहिला घास घेई आणि म्हणे, "आज मीठ कमी पडलंय." नाहीतर म्हणे, "आज हात सैल सुटला वाटतं." सगळे बरोबर जमले असेल त्या दिवशी तो काहीच बोलत नसे. जेवून उठे आणि ठोके मारायला बसे. अशी तीस वर्षे गेली.

एका वर्षी बायको तापाने पडली. एकवीस दिवस अंगात ताप होता. बाविसाव्या दिवशी तो उतरला, पण तिला उठून बसायचेही बळ राहिले नाही. शेजारणींनी आणलेले अन्न तिच्या पोटात ठरेना.

वैद्यबुवांनी नाडी पाहिली आणि म्हणाले, "ताप गेला, पण जाताना भूक घेऊन गेला. माझ्या पुड्यांचं काम संपलं. आता भाज्यांचं हलकं कढण द्या. तेल नको, तिखट नको. उद्या दिवस मावळेपर्यंत वाटीभर पोटात राहिलं, तर ही उठेल."

"आणि नाही राहिलं तर?" तांबटाने विचारले.

वैद्यबुवांनी बटव्याची दोरी आवळली आणि ते पायऱ्या उतरले.

तांबटाने मनाशी ठरवले, आता आपणच करायचे. त्याने भाज्या आणल्या आणि चुलीपुढे बसला. शेजारची म्हातारी उंबऱ्यावर येऊन टेकली. तिचे हात कापत, त्यामुळे तिला रांधता येत नसे. जीभ मात्र शाबूत होती.

"काय रे, हातोडा कुठं ठेवलास? ठोकून ठोकून शिजवणार ना?"

"आजी, थट्टा नको. सांग, आधी काय घालू?"

"मला काय विचारतोस? तुझी बायको आहे ना घरात!"

पण बायकोला विचारायची त्याला लाज वाटली. तीस वर्षे जिच्या रांधण्यात खोडी काढल्या, तिला काय विचारणार? त्याने गाजर, दुधी आणि माठाची पाने एकदमच पातेल्यात लोटली. वर मीठ घातले. जाळ मोठा केला. दुधीचा लगदा झाला, पाने काळी पडली, पाणी आटत गेले आणि गाजर तसेच कच्चे राहिले. त्याने नैवेद्य दाखवला आणि पहिली वाटी बायकोपुढे धरली.

तिने दोन घोट घेतले. तिसऱ्या घोटाला तिचे डोळे पाण्याने भरले.

"कसं झालंय?" त्याने विचारले.

"चांगलं झालंय हो," ती म्हणाली. आणि पुढच्याच क्षणी कुशीवर वळून तिने सगळे ओकून टाकले.

तांबटाने तिला पाणी दिले, तोंड पुसले. मग चुलीपाशी येऊन त्याने पातेल्यातले बोटभर चाखले. तोंडात धरवेना इतके ते खारट होते. तो तसाच खाली बसला. हे गिळून ती चांगले म्हणाली. मरणाच्या दारात पडली असताना म्हणाली. आणि आपण धडधाकट असताना, सुग्रास जेवून, एकदा तरी असे म्हणालो का?

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिच्या उशाशी जाऊन बसला. "अगं, मला काही येत नाही. तू सांग, मी करतो."

ती हलकेच हसली. "आधी गाजर. बोटानं दाबलं की दबेल इतकं होऊ द्या. मग दुधी. पानं अगदी उतरवताना घाला. जाळ मंद ठेवा."

"आणि मीठ? न चाखता मीठ कसं गं कळतं तुला?"

"अंदाजानं."

"हो, पण हा अंदाज आणलास कुठून?"

तिने उशीवर मान वळवून त्याच्याकडे पाहिले. मग म्हणाली, "तुम्ही पहिला घास घेताना मी दाराआडून तुमचं तोंड बघायची. कपाळाला आठी पडली की समजायचं, आज चुकलं. आठी नाही पडली, की तेवढी चिमूट ध्यानात ठेवायची."

तो उठला. तिने बोटांनी दाखवली तेवढीच चिमूट घेतली. जाळ मंद ठेवला. चुलीपासून क्षणभर हलला नाही. उंबऱ्यावरची म्हातारीसुद्धा त्या दिवशी थट्टा विसरून चुलीकडे बघत बसली होती.

दुपारी त्याने वाटी भरली, चमचा दिला आणि तिच्या तोंडाकडे टक लावून बसला.

"अहो, असं बघू नका. घोट उतरत नाही," ती म्हणाली.

तो झटकन भिंतीकडे तोंड करून बसला. मागे काय चालले आहे ते त्याला दिसत नव्हते. बऱ्याच वेळाने वाटीच्या तळाशी चमचा घासल्याचा आवाज आला. तांब्या-पितळेचे आवाज त्याने जन्मभर ऐकले होते, पण इतका गोड आवाज कधी ऐकला नव्हता.

"अजून आहे का?" बायकोने विचारले.

दिवस मावळला, तरी कढण पोटात राहिले. आठ दिवसांनी ती भिंत धरून चालू लागली, आणि महिन्याने पुन्हा चुलीशी बसली. त्या दिवशी नैवेद्य झाल्यावर तांबटाने पाट मांडला आणि म्हणाला, "तू बस. मी वाढतो."

"इश्श! आळीतले लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. तीस वर्षं तू मला जगवलंस, आणि मला ते कळलंसुद्धा नाही. बस."

ती बसली. तिचा पहिला घास झाला, तेव्हाच त्याने आपले पान वाढून घेतले. आळीतले लोक आधी हसले. मग एकेका घरात पाट फिरला, आणि पुढे त्या आळीत नैवेद्यानंतरचा पहिला घास रांधणाऱ्या हातांचा, अशीच रीत पडली.

तात्पर्य: जे रोज न मागता मिळते, त्याचे आभार रोज मानावेत; ते देणारे हात आजारी पडण्याची वाट पाहू नये.