भुरी लांडोर आणि शिवेवरची पाटी

पूर्वी अश्मक देशात एक राजा सुखाने राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने गोदावरीकाठच्या वेळूवाडीत एका बुरुडाच्या घरी मुलीचा जन्म घेतला. बोधिसत्त्व मुलगी कसा होईल, असे विचारणारे विचारोत. त्या घरात ती मुलगीच होती आणि तिचे नाव कुवला होते.

कुवला बोलू लागली तेव्हाच तिला एक नियम सांगून ठेवलेला होता. घराच्या आवारात ज्या पाळीव पक्ष्याचे रक्त सांडले, तो पक्षी शिवेवरच्या देवीचा. दिवेलागणीच्या आत त्याला बांबूच्या पाटीखाली झाकून शिवेवर ठेवायचे आणि मागे न पाहता परतायचे. ठेवला नाही, तर देवी घरातले माणूस नेते. असे का, हे मात्र विचारायचे नाही.

वेळूवाडीत परसापरसात बांबूच्या राशी असत. राशींत उंदीर, उंदरांमागे साप. म्हणून घरोघरी मोर नाहीतर लांडोर पाळत. कुवलाच्या घरच्या लांडोरीचे नाव भुरी. कुवलाची वहिनी रेवती दिवस भरलेली होती. ती परसात सूप विणत बसली, की भुरी तिच्याभोवती चरत राही.

एके दिवशी भर दुपारी कोल्हा परसात आला. माणूस बसलेले पाहूनही तो थांबला नाही. रेवतीला चटकन उठता येईना. भुरी मधे झेपावली. कुवला कोयता घेऊन धावत आली, तोवर कोल्हा कुंपणाबाहेर पळाला होता आणि भुरी पिसांच्या सड्यात पडली होती. पाठीची कातडी फाटून मांस उघडे पडले होते, एक पाय मोडून लोंबत होता. डोळे मात्र उघडे होते.

आईने मातीवर सांडलेले रक्त पाहिले, मग रेवतीच्या पोटाकडे पाहिले. तिने कुवलाच्या भावाला नंदियआजोबांकडे धाडले. नंदिय वस्तीतला सर्वांत वयस्कर माणूस. तो निष्ठुर नव्हता. त्याच्या तरुणपणी एका घराने जखमी कोंबडा लपवला आणि त्या घरची बाळंतीण गेली, हे त्याने डोळ्यांनी पाहिले होते. तो आला आणि पाटी घरच्या मुलीनेच विणायची असते, एवढे सांगून ओट्यावर बसला. सूर्य अजून वर होता.

कुवला कामट्या घेऊन पाटी विणायला बसली. पाटीला एका बाजूला भोक ठेवायचे असते. त्याला देवीची वाट म्हणतात. ती किती ठेवायची, असे तिने विचारले. नंदियने आपल्या गुडघ्याला हात लावून दाखवले आणि म्हणाला, हे पूर्वापार ठरलेले माप आहे, यात कमीजास्त करायचे नाही.

कुवलाचा हात थांबला. जी देवी वाऱ्यातून येते, जी बंद दारातून माणूस नेते, तिला गुडघाभर वाट कशाला लागते?

तिने पाटी बाजूला ठेवली. हळद घालून पाणी कोमट केले आणि भुरीच्या पाठीतली माती धुऊन काढली. मग पाटीसाठी तासलेल्या दोन कामट्या उचलून मोडक्या पायाच्या दोन्ही अंगांना लावल्या आणि मऊ धडप्याने बांधल्या.

आई म्हणाली, "अगं, देवीच्या कामट्या त्या."

"बांबूच्या आहेत," कुवला म्हणाली.

चोच उघडून पाणी ओतले तर पक्षी गुदमरतो, हे तिला ठाऊक होते. तिने बोट पाण्यात बुडवून चोचीच्या कडेला थेंब लावला. बराच वेळ काही झाले नाही. मग भुरीचा गळा हलला.

ओट्यावर आता शेजारीपाजारीही जमले होते. एक म्हातारी म्हणाली, या पोरीला सासरी धाडायला उशीर झाला. ऊन कुंपणावरून उतरत होते. कुवलाने भुरीला सुपात निजवले, सूप रेवतीच्या जवळ ठेवले आणि म्हणाली, "वहिनी, मी येईपर्यंत हिला कुणी हात लावायचा नाही." मग ती शिवेकडे पळत सुटली.

शिवेवर जुन्या पाट्यांचा ढीग होता. पाटी ठेवताच मागे न पाहता परतायचे असते, म्हणून त्या कुणी कधी निरखल्या नव्हत्या. कुवलाने एक उचलली. भोकाच्या कडेच्या कामट्या चावलेल्या होत्या. त्यांच्या कुसळांत तांबूस राठ केस अडकले होते. ढिगापासून एक पाऊलवाट निघत होती. इतकी घासलेली, की तिच्यावर गवत उरले नव्हते. ती रानात जात नव्हती. ती वस्तीकडे येत होती.

कुवला परतली तेव्हा आईच्या हातात न पेटवलेला दिवा होता आणि रेवतीला कळा सुरू झाल्या होत्या. रेवतीने एका हाताने खांब धरला होता, दुसरा हात सुपावर होता.

नंदिय उठून उभा राहिला. "पोरी, वेळ नाही. पक्षी दे."

कुवलाने जुनी पाटी त्याच्या पायांशी ठेवली. "आजोबा, हे केस कुणाचे?"

त्याने वाकून पाहिले. रान ओळखणारा माणूस होता तो.

"आपणच कोल्ह्याला जेवायला वाढतो," कुवला म्हणाली. "त्याच्या अंगाच्या मापाचे दार करून देतो. तो शिकला, की इथे आयते मिळते. म्हणून आज भर दुपारी वहिनीसमोर आला. उद्या या घरात बाळ असेल."

"आणि ती बाळंतीण गेली, ती?" नंदिय म्हणाला.

कुवलाने आवाज खाली आणला. "तुमची लेकही बाळंतपणातच गेली, आजोबा. त्या वर्षी तुम्ही पाटी ठेवली होती ना?"

कुवला सुपाशी जाऊन बसली. "भुरी मिळणार नाही," ती म्हणाली. "आजही नाही, पुढेही नाही."

रेवतीने खांब न सोडता मान वळवली. "सासूबाई, दिवा लावा. मला इथे दिसत नाही. आणि वन्सं, तुम्ही हात द्या."

आईने नंदियकडे पाहिले. नंदिय पायाशी पडलेल्या पाटीकडे पाहत राहिला. आईने दिवा लावला.

रेवतीला मुलगी झाली. भुरी लंगडत का होईना, पुन्हा परसात चरू लागली. शिवेवर नवी पाटी ठेवली गेली नाही, आणि कोल्हा काही काळ येऊन रिकाम्या तोंडानेच परत जात राहिला.

आपल्या पूर्वजन्माची ही कथा शास्त्याने विहारात सांगितली, तेव्हा समोर एक तरुण भिक्षुणी मान ताठ ठेवून बसली होती. तिने दाराशी पडलेला एक घायाळ मोर आत आणला होता, आणि जखमी प्राणी आत न आणण्याची प्रथा मोडली म्हणून काही स्थविर, म्हणजे वडीलधारे भिक्षू, तिला बोल लावत होते. शास्ता म्हणाला, "तेव्हाची भुरी म्हणजे आज दाराशी पडलेला हा मोर. रेवती म्हणजे ही भिक्षुणी. ओट्यावर जमलेले लोक म्हणजे तुम्ही स्थविर. आणि कुवला मी होतो. करुणा म्हणजे नुसते हळहळणे नव्हे. जिथे विचारू नको म्हणतात तिथे विचारते, आणि जखमेवरचा हात काढत नाही, ती करुणा."

मग भिक्षुणी उठली आणि कोमट पाणी आणायला गेली.