हैबतीचे राहून गेलेले कडवे

एकदा एका म्हाताऱ्या शाहिराच्या फडात हैबती नावाचा एक शिष्य होता. गळा गोड, अक्षर सुरेख, अक्कल मात्र अजून यायची होती, म्हणजे तुमच्याआमच्यासारखाच.

त्याचे सगुणेवर मन जडले. ती बाजारात मिरच्या विकायची. दोघांनी कालव्यावर भेटायचे ठरवले. ती तीन दिवस येऊन थांबली. हा काही पुढे झाला नाही. चौथ्या दिवशी कसाबसा भेटला, तेव्हा ती खाली मान घालून म्हणाली, “तीन दिवस हेच हिरवं लुगडं नेसले. लांबून ओळखशील म्हणून.”

असे शब्द माणसाने काळजात ठेवावेत. याने लावणीत घातले!

तीन दिसांचं एकच लुगडं, बदललं नाही मी राया,
लांबून मजला ओळखशील तू, म्हणून शिणविली काया.

शेवटी रिवाजाप्रमाणे कवीचे नाव गुंफले, ‘शाहीर हैबती’. लावणी अशी गाजली की इतर फडांनीही उचलली. कोणी तीन दिवसांचे पाच केले, कोणी पंधरवडा. त्या नायिकेच्या अंगाला वास येत असेल, हे एकाही कविराजाला सुचले नाही. लुगड्याची लावणी असा नवा प्रकारच रूढ झाला.

पण कालव्यावरचे ते हिरवे लुगडे साऱ्या गावाने पाहिले होते. टवाळ पोरे सगुणेच्या पाटीसमोर उभी राहून विचारू लागली, “काय गं, आज तरी बदललंस का?” दोन बाजार तिने सोसले. तिसऱ्या बाजारी तिची जागा रिकामी. घर तर तिच्या मिरच्यांवरच चालत होते.

हे हैबतीला दिसले नाही. तो ताठ मानेने वस्तादांकडे, म्हणजे त्या म्हाताऱ्या शाहिराकडे गेला. “वस्ताद, लावणी कशी वाटली?”

“झकास. पण ती थांबली होती तेव्हा तू कुठं होतास रे?”

हैबती हसत बोलून गेला, “बाभळीआड! पलीकडं आबा औत धरून होते ना. बघितलं असतं तर तंगडंच मोडलं असतं.”

“तिन्ही दिवस?”

“तिन्ही दिवस.”

म्हाताऱ्याने पानाला चुना लावला आणि विषय बदलला.

त्याच आठवड्यात जत्रेत फड लागला. हैबतीचे आबा पुढच्याच रांगेत. वस्तादांनी हैबतीच्या हाती तुणतुणे देऊन ती लावणी स्वतः धरली. शेवटचे नाव आले, लोक उठू लागले, तोच म्हातारा कानावर हात ठेवून पुढे गायला:

बाभळीआडून बघत राहिला, पाय न टाकी पुढं,
शाहीर हैबती बापाला भ्याला, ऐका त्याचं रडं!

जत्रा हसून हसून लोळली. आबांनी तर पागोट्याने डोळे पुसले. हैबतीचे कान पेटले. पडदा पडताच तो वस्तादांवर धावून गेला.

“ते मी विश्वासानं सांगितलं होतं! निदान मला विचारायचं तरी!”

 वाक्य तोंडातून सुटताच हैबतीला ते स्वतःलाच ऐकू आले. त्याने हातातले तुणतुणे खाली ठेवले.

“तुला न विचारता गायलो, हे वाईटच केलं,” वस्ताद हळूच म्हणाले. “पण नुसतं सांगून तुला कळलं नसतं. प्रेमातूनच गाणं निघतं, बाबा. आपल्या निम्म्या चाली कुणाच्या ना कुणाच्या जिवलगाकडून आल्यात. पण कवीनं शेवटी नाव घालायचं ते कशाला? इथं मीही होतो, याची साक्ष म्हणून. तू तिचं सगळं उघडं केलंस आणि स्वतःचं तेवढं झाकलंस.”

 दुसऱ्या दिवसापासून हैबती ते कडवे स्वतः गाऊ लागला, फडाफडांतून, आबांसमोरसुद्धा. पोरांना नवे सावज मिळाले. पुढे गड्याच्या फजितीचे कडवे झाल्याशिवाय लोक जागचे उठेनात, आणि इतर शाहिरांनाही आपापली बाभळ आठवावी लागली.

महिन्याभराने सगुणा पुन्हा बाजारात बसली. हैबती तिच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला.

“चुकलो.”

“चुकलासच. मिरच्या किती देऊ?”

“पावशेर.”

तिने काटेकोर तोलून दिल्या, वर एकही टाकली नाही. “आता सरक बाजूला. मागं गिऱ्हाईक उभं आहे.”

तो सरकला. मागे खरेच पाचसहा माणसे होती, आणि एकही जण हसत नव्हता. त्याला बरे वाटले. लाज मात्र तशीच राहिली.

दोघांचे गुज गायचे तर आधी दुसऱ्याला विचारावे, आणि सुरुवात आपल्या फजितीपासून करावी. वाचकांत कोणी शाहीर असतील, त्यांनी उगाच इकडेतिकडे पाहू नये.