आरुषेय मुनींचा शाप आणि खांद्यावरची घरे

कृतयुग मावळतीला लागले होते आणि त्रेतायुग अजून उजाडायचे होते, त्या संधिकाळातील हे आख्यान आहे. ब्रह्मदेवांची सृष्टी रचून झाली होती. पर्वतांना उंची, नद्यांना वाटा आणि सागरांना मर्यादा वाटून झाल्या होत्या. एकच काम उरले होते आणि तेच सर्वांत किचकट होते. कोणती भूमी कोणत्या लोकांची, हे अजून ठरायचे होते. त्यासाठी सत्यलोकात वंशसंहिता लिहायला घेतली गेली. ज्या लोकांचे मूळ त्या संहितेत नोंदले जाईल, त्यांची भूमी त्यांच्याकडे राहावी आणि ज्यांचे मूळ सापडणार नाही, त्यांची भूमी जिथून वर आली तिथे परत जावी, असा दंडक पितामहांनी घालून दिला.

दंडक झाला मात्र, जलाधिपती वरुण सभेत उभा राहिला. पूर्वसमुद्रात, जिथे सूर्यनारायण आपले अश्व रथाला जुंपतो, तिथे सात सहस्र द्वीपे विखुरलेली होती आणि ती सारी आपल्याच उदरातून वर आली आहेत, असे त्याचे म्हणणे होते. त्यांवर राहणारे लोक कोठून आले, कोणाचे कोण, हे देवांनाही ठाऊक नव्हते. मूळ सापडत नसेल तर माझी द्वीपे मला द्या, असे वरुणाने स्पष्ट मागितले. पितामहांनी एका वर्षाची मुदत दिली आणि त्या लोकांचे मूळ शोधण्यासाठी आरुषेय मुनींना पूर्वसमुद्राकडे धाडले.

गोत्रप्रवरांच्या शास्त्रात आरुषेय मुनींचा हात धरणारा तिन्ही लोकांत कोणी नव्हता. एखाद्याची शिंक ऐकून त्याचा पणजोबा कोणत्या आश्रमात शिकला, हे ते सांगत, असे त्यांचे शिष्य म्हणत. शिष्यांचे बोलणे आपण थोडे कमी करून घ्यावे, पण मुनी विद्वान होते यात शंका नाही. त्यांच्यात खोट एकच होती. राग त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर असे, आणि मुनींचे नाक बरेच लांब होते.

मेघावर आरूढ होऊन मुनी त्या द्वीपांतील एका द्वीपावर उतरले. काय त्या भूमीची शोभा वर्णावी! डोंगरांच्या उतारांवर पायऱ्यापायऱ्यांनी भातखाचरे चढत गेलेली, प्रत्येक पायरीत आभाळाचा एकेक तुकडा साठलेला. खाली नारळीची बने, आणि बनांच्या कडेला बांबूच्या खांबांवर उभी असलेली घरे. निपा नावाच्या खाडीकाठच्या ताडाच्या पानांनी ती शाकारलेली होती. किनाऱ्यावर अरुंद, लांब नौका विसावल्या होत्या आणि प्रत्येक नौकेला दोन्ही अंगांना तोल राखणारी, पाण्यावर तरंगणारी बांबूची उलांडी बांधलेली होती.

लोक धावत सामोरे आले आणि त्यांनी मुनींना पहिला प्रश्न केला तो जेवण झाले का, हा. मुनींच्या कपाळाला आठी पडली. अतिथीला आधी कुल विचारावे, मग विद्या विचारावी, अन्नाची गोष्ट त्यानंतर काढावी, हा त्यांच्या शास्त्रातील क्रम होता. ते सरळ टेकडीवर चढले, वस्तीपासून दूर स्वतःची पर्णकुटी बांधली आणि तिथे एकेका माणसाला बोलावून त्याचे मूळ विचारू लागले.

पहिला आला तो कालाव. तो वस्तीचा नावाडी होता आणि नौकेचे सुकाणू त्याच्याकडे असे. मुनींनी त्याचे गोत्र विचारले. त्याने बापाच्या बापाचे नाव सांगितले, मग बापाच्या आईचे, मग आईच्या बापाचे, मग आईच्या आईचे. मुनींनी त्याला थांबवून एकच धागा धरायला सांगितला. त्यावर कालाव गोंधळला, कारण अर्धे नातेवाईक वगळायचे कसे हे त्याला कळेना, आणि वगळलेले खाली वस्तीत ऐकत उभे होते. दुसरा आला, तिसरा आला, प्रत्येकाची तीच तऱ्हा. चाळिसाव्या माणसापर्यंत मुनींच्या लक्षात आले की प्रत्येकजण प्रत्येकाचा कोणी ना कोणी लागतो आणि या जाळ्याला शेंडाबुडखा नाही. त्यांनी भूर्जपत्रावर लिहिले, "हे लोक अकुल आहेत, म्हणजे यांना कुळच नाही." लिहून झाल्यावर त्यांना बरे वाटले, कारण न समजलेल्या गोष्टीला नाव दिले की विद्वानांना बरे वाटते.

असे सहा महिने गेले. एके दिवशी सकाळी दालिसाय टेकडी चढून वर आली. ही त्या वस्तीची वृद्ध पुजारीण होती. पूर्वजांना आवाहन तीच करी आणि भांडणेही तीच मिटवी. मुनींपुढे नारळ ठेवून ती म्हणाली, "मुनिवर, तुम्ही इथून खाली पाहता. इथून आमची छपरे दिसतात, आमची घरे दिसत नाहीत. चार दिवस खाली येऊन राहा, मग विचारा."

सांगितले ते हिताचेच होते. परंतु सहा महिने हाती काही न लागलेल्या विद्वानाला हिताचे सांगणे म्हणजे निखाऱ्यावर फुंकर. मुनींचे नेत्र आरक्त झाले, जटा थरारल्या, कमंडलूतील जल त्यांनी ओंजळीत घेतले आणि मेघगर्जनेसारख्या स्वरात शापवाणी उच्चारली.

"हे वृद्धे, ज्या लोकांना मूळ नाही, त्यांच्या घरांनाही मूळ उरणार नाही. आजपासून या द्वीपांवरील एकही घर भूमीला धरून राहणार नाही."

तत्क्षणी द्वीपभर करकर असा ध्वनी उठला. घराघराचे खांब मातीतून वीतभर वर आले आणि घरे वाऱ्याबरोबर डुलू लागली. शाप खरा ठरला, आणि जरा जास्तच खरा ठरला. एकही घर असे म्हणताना आपली पर्णकुटीही घरच आहे, हे मुनींच्या ध्यानात आले नव्हते. ती टेकडीच्या उतारावर होती. ती हलली, घसरली, आत मृगाजिनावर बसलेल्या मुनींसकट कड्याकडे निघाली आणि एका वाकड्या नारळीला अडकून लोंबकळत राहिली.

वस्तीत साठ घरे सुटली होती. तरी माणसे आधी धावली ती मुनींच्या कुटीकडे, कारण ती कड्याच्या सर्वांत जवळ होती आणि तिच्यात माणूस होता. कालावने कुटीखालून दोन लांब बांबू सारले, आडवे बांधले, आणि तीस जणांनी खांदे दिले. मुनी लगबगीने खाली उतरू लागले, तेव्हा दालिसायने त्यांना आतच बसायला सांगितले. घर उचलताना घरधन्याने आत राहावे, म्हणजे वाहणाऱ्यांना आपण नुसते लाकूड नेत नाही याची आठवण राहते, असे ती म्हणाली. मग कालावने पुढून स्वर लावला, बाकीच्यांनी मागून उचलून धरला आणि ज्यांना शाप दिला त्यांच्याच खांद्यांवर बसून, दोन्ही हातांनी दाराची चौकट घट्ट धरून, आरुषेय मुनी टेकडीवरून गात गात खाली आले. गाणारे अर्थात बाकीचे होते. देवांना विमानांतून हे सारे दिसत होते आणि त्या दिवशी स्वर्गातील एका गंभीर सभेत फार हसू झाले म्हणतात.

कुटी दालिसायच्या चुलीजवळ टेकवली गेली. आता प्रघात असा होता की ज्याचे घर वाहिले त्याने वाहणाऱ्यांना जेवू घालावे. तीस माणसे घाम पुसत ओळीने बसली आणि मुनींकडे पाहू लागली. मुनींपाशी मूठभर देवभात, म्हणजे न पेरता उगवणारा रानातला भात, होता. लाजेने त्यांचा चेहरा उतरला, पण त्यांनी तो मूठभर देवभात शिजवला आणि प्रत्येकाच्या पानावर चार चार शिते वाढली. लोकांनी ती मनापासून खाल्ली. मग घराघरांतून भात आला, भाजलेले मासे आले, मुनींसाठी उकडलेल्या अळकुड्या आणि केळी आली, केळीच्या पानांची एकच लांब पंगत झाली. त्या पंगतीत मुनींनी आयुष्यात प्रथमच कुळ न विचारता शेजारच्याला अन्न वाढले आणि त्यांना फार आनंद झाला.

परंतु दिलेला शाप मागे घेता येत नाही. सुटलेली घरे उतारावरून हलवून सपाटीला आणणे भाग होते, आणि दुसऱ्या दिवसापासून मुनींनीही वल्कल आवळून खांदा दिला. कालावने त्यांना डाव्या बांबूला तिसऱ्या जागी उभे केले. दहा घरे वाहून झाल्यावर मुनींना एक गोष्ट दिसली. माणसे वाटेल तिथे उभी राहत नव्हती. हा सदैव पुढे, ती दोघे भावंडे सदैव मध्ये, तो म्हातारा सदैव उजवीकडे शेवटी. असे का, तर आमचे तसेच आहे, एवढेच उत्तर मिळाले. घर वाहताना म्हणायच्या गाण्यात बेटांची नावे होती, उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत, आणि प्रत्येक बेटावर काय पेरले व कोण जन्मले तेही होते.

मुनी किनाऱ्यावर गेले आणि एका जुन्या नौकेपुढे उभे राहिले. त्यांनी वल्ही मारणाऱ्यांच्या बसायच्या फळ्या मोजल्या. घराखालच्या जागा आणि नौकेतल्या जागा सारख्याच होत्या. उलांडीची गाठ आणि घराखालच्या बांबूची गाठ एकच होती. ज्या क्रमाने पूर्वजांनी वल्ही मारली, त्याच क्रमाने नातवंडे खांदा देत होती. मुनी तिथेच वाळूत बसले आणि त्यांनी दालिसायला बोलावून विचारले की डावीकडची तिसरी जागा कोणाची.

"ती वाटेत भेटलेल्याची," दालिसाय म्हणाली. "आमचे पूर्वज प्रत्येक नौकेत ती रिकामी ठेवून निघत. आम्ही इथे पोचलो तेव्हा डोंगरात आमच्या आधीची माणसे राहत होती. त्यांनी आम्हाला वाट दाखवली आणि ती त्या जागेवर बसली. त्यांचे रक्त आमच्यात आहे. आता तुम्ही आहात."

आईबाप दोन्हींकडची नाती का मोजता, हेही मुनींनी कालावला पुन्हा विचारले, पण या वेळी वल्हे मारता मारता. एक उलांडी काढून टाकली तर नौका कलंडते, असे तो सहज म्हणाला आणि मासे कुठे सापडतील ते बघू लागला. मुनींनी अकुल लिहिलेले भूर्जपत्र त्याच दिवशी समुद्रात सोडून दिले.

वर्ष संपले. पौर्णिमेच्या दिवशी प्रातःकाळी मकरवाहन वरुण द्वीपासमोर प्रकटला. त्याच्या मुकुटावर प्रवाळ, कंठात मुक्तामाला, हातात पाश, आणि पाठीशी पर्वतप्राय लाटा क्षितिजापर्यंत उभ्या ठाकलेल्या. सारी वस्ती किनाऱ्यावर जमली. लेकरांना कडेवर घेतलेल्या बायका पाण्याकडे पाहत उभ्या होत्या. वरुणाचा सर्वांत बळकट मुद्दा मुनींनी स्वतःच त्याच्या हाती दिला होता.

"आरुषेय मुनी," वरुण म्हणाला, "ज्यांची घरे भूमीला धरत नाहीत, त्यांची भूमी कशी? तुमच्याच शापाने न्याय केला आहे. तरी नियम म्हणून विचारतो. यांचे मूळ सांगा, नाहीतर मार्ग सोडा."

मुनी लाटांसमोर जाऊन उभे राहिले. सहा महिने घरे वाहून आणि वल्ही मारून त्यांचे खांदे रुंद झाले होते आणि नाकावर उन्हाचा डाग होता. ते म्हणाले, "जलेश्वरा, शाप माझ्या अज्ञानाचा होता आणि त्याचे पाप माझे. मी यांचे मूळ जमिनीत शोधले म्हणून सापडले नाही. यांचे मूळ नौका आहे. उत्तरेकडून बेटामागून बेट घेत हे आले, वाटेत भेटलेल्यांना आपल्यात बसवत आले. या लोकांत नाते रक्ताने जडते आणि वाहण्यानेही जडते. ज्याने खांदा दिला तो आपला, हा यांचा धर्म आहे. मी स्वतः त्या धर्माने यांचा झालो आहे. आता तूच सांग, यांच्या पहिल्या नौका सहस्र योजने कोणी वाहिल्या? तुझ्याच खांद्यांवरून हे लोक इथे आले. म्हणून वंशसंहितेत यांच्या पहिल्या पूर्वजाच्या जागी मी तुझे नाव लिहिले आहे. आपल्याच नातवंडांचे घर बुडवायचे असेल, तर बुडव."

लाटा उभ्याच्या उभ्या राहिल्या. तिन्ही लोकांच्या स्तोत्रांत वरुणाला राजा म्हटले होते, न्यायाधीश म्हटले होते, पाशधारी म्हटले होते. आजोबा असे त्याला आजवर कोणी म्हटले नव्हते. त्याचा पाश हातातून गळून वाळूत पडला आणि त्या महाबली देवाच्या डोळ्यांना पाणी आले.

तेवढ्यात दालिसाय पुढे झाली. ज्याने वाहिले त्याला जेवू घातल्यावाचून आम्ही पाठवत नाही, तुमचे जेवण फार दिवस राहून गेले, आज बसल्यावाचून जाऊ नका, असे तिने वरुणाला सांगितले. देव वाळूत मांडी घालून बसला. त्याच्यापुढे केळीचे पान आले, भात आला, आणि त्याच्या एका बाजूला कालाव व दुसऱ्या बाजूला आरुषेय मुनी बसले. पाठीमागच्या लाटा हळूहळू खाली बसत गेल्या.

जेवण झाल्यावर वरुणाने वर दिला. मुनींचा शाप त्यालाही पुसता येणार नव्हता, म्हणून या द्वीपांवरील घर भूमीला कधीच धरून राहणार नाही, परंतु ते उचलायला खांदे कधी कमी पडणार नाहीत, असा उःशाप त्याने जोडून दिला. द्वीपांचे दानपत्र त्याने तिथेच केले. स्वतःसाठी त्याने एकच मागणे मागितले, अधूनमधून येऊन जाण्याचे.

त्या द्वीपांवर आजही कोणाला घर हलवायचे झाले तर शेजारी गात गात येतात, बांबू सारतात आणि छपरासकट घर खांद्यावर घेऊन चालू लागतात. आणि किनाऱ्यावरच्या घरांखाली दिवसातून दोनदा समुद्राचे पाणी येते, खांबांभोवती थोडा वेळ रेंगाळते आणि काही न नेता परत जाते. तिथली माणसे त्याला भरती म्हणत नाहीत. आजोबा येऊन गेले, असे म्हणतात.