गाडोबाची सिद्धता

“पण मग अडतंय कुठं, बुवा? एकदा ‘हो’ म्हणा की!”

श्रीरंगनं सकाळपासून हे कितव्यांदा विचारलं, ते त्यालाच ठाऊक. दामोबुवा मठाच्या ओट्यावर बसून सुपारी कातरत होते. अडकित्त्याचा तेवढा आवाज…

श्रीरंग उठला, ओट्याच्या टोकापर्यंत गेला, परत आला, बसला, पुन्हा उठला. जिवाला म्हणून चैन नव्हती. उद्या मठाची यात्रा. सगळी पंचक्रोशी जेवायला लोटणार. आणि भटारखान्यापासून पंगतीपर्यंत वरणभाताची पातेली कुणी न्यायची, ते या म्हाताऱ्याच्या एका शब्दावर अडलेलं.

गेल्या यात्रेत खांद्यावरच्या दांडीवरून वरणाचं पातेलं निसटलं आणि दिगंबर आचाऱ्याचे दोन्ही पाय भाजले. अजून लंगडतो बिचारा. म्हणून तर श्रीरंगनं ही गाडी केली होती. बिनड्रायव्हरची. पातेली घेऊन आपली आपण जाणारी, वळणारी, थांबणारी. मठातल्या लोकांनी तिचं बारसंही उरकून टाकलं होतं. गाडोबा!

श्रीरंग इथलाच. मठाच्या पाठशाळेत बुवांच्या हाताखाली तर्क शिकला, मग शहरात जाऊन यंत्रांचा तर्क शिकला, परदेशही बघून आला. हुशार, यात वाद नाही. फक्त ती हुशारी जरा नाकाच्या शेंड्यावर येऊन बसली होती. परवा मठात आला तेव्हा बुवांना नमस्कार केला, तो तरी कसा? चालता चालता किंचित झुकला, हात बुवांच्या गुडघ्यापर्यंत नेला आणि परत घेतला. बुवांचे पाय राहिले तिथंच, खाली.

बुवांनी तेव्हा आपल्या पायांकडं एकदा बघितलं होतं, एवढंच.

“चालवून बघितलीस?” आता त्यांनी एकदाचं तोंड उघडलं.

“चालवून बघणं वेगळं हो! शंभरदा नीट चालली म्हणून पुढच्या खेपेला चालेलच, हे कशावरून? तुम्हीच शिकवलंत ना? मी सिद्ध केलंय. गणितानं. कुणी कुठूनही येवो, पळत येवो, आडवं येवो, गाडोबा माणसाच्या अंगाला लागणार नाही. घडू शकेल असं जे जे आहे, ते सगळं संगणकानं तपासलंय.”

“म्हणजे तू न बघितलेलंसुद्धा त्यात आलं?”

“सगळं आलं.”

“हं…”

पुन्हा अडकित्ता. श्रीरंगला वाटलं, तो हिसकावून घ्यावा आणि विहिरीत टाकावा.

“गाडीला डोळे कुठंयत रे?”

“हे काय, पुढं. गुडघ्याच्या उंचीवर. आधी मोठी पंचाईत झाली होती, बुवा. वाऱ्यानं पत्रावळ उडाली की थांब, नारळाची शेंडी दिसली की थांब. अशानं पंगत उपाशीच उठली असती! मग मी तोड काढली.” श्रीरंग खुलला. “जे वीतभर उंचीच्या आत असेल, ते जमीन समजायचं. तेव्हापासून कशी सुतासारखी सरळ चालते!”

“आणि सिद्धतेत?”

“सिद्धतेतही तेच धरलंय. माणूस उभा असेल, बसलेला असेल, मांडी घालून जेवत असेल. वीतभर उंचीचा माणूस कुठं असतो?”

बुवांनी सुपारी तोंडात टाकली. चघळत राहिले…

“धरलंयस,” ते म्हणाले.

“धरावंच लागतं! काहीतरी धरून चालल्याशिवाय कुठलीच सिद्धता उभी राहत नाही.”

“खरंय. उभी राहत नाही.”

श्रीरंगचं डोकं आता तापलं. हा माणूस हो म्हणतोय की नाही? यंत्राचंच वावडं असेल, तर तसं सांगून मोकळं तरी व्हावं. उगाच घोळ घालत बसायचं.

“मला चूक दाखवा, बुवा. एक, फक्त एक पायरी चुकलेली दाखवा. आत्ता इथं मोडून टाकतो गाडी.”

“पायरी एकही चुकलेली नाही.”

“मग?”

“मग काय? लाव कामाला.”

श्रीरंग बघतच राहिला. सकाळपासून जीव टांगणीला लावला, आणि होकार दिला तो असा? त्याला धड आनंदही होईना.

“पण नवी गाडी आहे,” बुवा काठी टेकत उठले. “पाया पडल्याशिवाय नवं वाहन कामाला लावत नाहीत. दिगंबर, नारळ आण रे.”

दिगंबर लंगडत लंगडत नारळ घेऊन आला आणि गाडोबाच्या कडेला उभा राहिला. तालमीसाठी पातेली पाण्यानं काठोकाठ भरलेली होती. श्रीरंगनं मोबाइलवर बोट टेकवलं. गाडोबा घुरघुरला आणि सावकाश पंगतीच्या मांडवाकडं निघाला.

बुवा ओट्यावरून उतरले. काठी बाजूला ठेवली. अंगणाच्या मधोमध, गाडोबाच्या वाटेवर जाऊन उभे राहिले आणि हात जोडले.

गाडोबा थांबला.

“बघा! ओळखलं की नाही माणूस?” श्रीरंग ओट्यावरूनच ओरडला.

बुवांनी मान हलवली. मग गुडघे टेकले. मग हात टेकले. मग हळूहळू, एकेक हाड सांभाळत, पालथे पडले. हात पुढं लांब, कपाळ फरशीला. साष्टांग.

त्यांच्या अंगावर मांस ते किती असणार! फरशीवर धोतर वाळत घातल्यासारखे दिसत होते.

गाडोबाला वाट मोकळी दिसली. गाडोबा निघाला.

“बुवा!”

मोबाइल कुठं पडला, श्रीरंगला कळलं नाही. तो धावला. ओढून बाजूला घ्यायला वेळ नव्हता. त्यानं बुवांच्या आणि चाकाच्या मधे अंग झोकून दिलं. हनुवटी फरशीवर आपटली, तोंडात रक्ताची चव आली. गाडोबाला आता तोही जमीनच.

“दिगू, लाल बटण! अरे, लाल बटण दाब!”

दिगंबरनं नारळ टाकला आणि गाडोबाच्या कुशीवरच्या बटणावर पंजा मारला.

चाक थांबलं. श्रीरंगच्या बरगडीला टेकून थांबलं. वरच्या पातेल्यातलं पाणी हिंदकळलं आणि त्याच्या पाठीवर सांडलं. गार होतं. उद्या ते वरण असतं.

बुवांचा गाल फरशीवर, श्रीरंगचाही गाल फरशीवर. दोघांची तोंडं समोरासमोर.

“इथून काय दिसतं रे?” बुवांनी विचारलं.

श्रीरंगला मठाचं दार दिसत होतं. दारापासून याच अंगणातून गाभाऱ्यापर्यंत गेलेली, अंग घासून घासून गुळगुळीत झालेली फरशी दिसत होती. उद्या पहाटेपासून नवसाच्या बाया ओल्या लुगड्यानं या दारातून दंडवत घालत येणार होत्या. पालथं पडायचं, हात लांब करायचे, उठायचं, हात पोचले होते तिथून पुन्हा पडायचं. त्याची आईसुद्धा अशीच आली होती. तो तापातून वाचला, त्या वर्षी. ती दंडवत घालत होती आणि तो तिच्या शेजारून आपल्या पायांनी चालत होता, आणि लोक बघतात म्हणून त्याला तिची लाज वाटत होती. सगळं ठाऊक होतं त्याला. कुणी सांगायला नको होतं. तरी त्यानं तिला जमीन धरलं होतं.

त्याला रडू फुटलं. मोठ्या माणसाला फुटू नये तसं फुटलं.

“बुवा… उद्या गाडोबा नको. पातेली मी नेतो. दांडीचं एक टोक माझ्या खांद्यावर. आणि हे सगळं मी पहिल्यापासून… आत्ताच बसतो, आत्ताच…”

बोलता बोलता तो कोपरावर उठायलाही लागला होता.

बुवांनी पडल्या पडल्याच त्याच्या भिजलेल्या पाठीवर हात ठेवला, आणि त्याला पुन्हा खाली दाबलं.

“घाई कसली?” बुवा म्हणाले. “नमस्कार पुरा होऊ दे.”