पिस्टनची सोबतीण

यंत्रं एकमेकांशी बोलायची, तेव्हाची गोष्ट. रस्त्यावर आडवं पडलेलं फणसाचं झाड कापायचं होतं, पण चेनसॉच्या, म्हणजे इंजिनवर चालणाऱ्या करवतीच्या, आतला पिस्टन घाबरला होता.

“नुसत्या पेट्रोलवर पळालो तर घासून जळेन. सोबत कोण येतंय?”

“मी येतो की!” मोटारसायकलच्या इंजिन ऑइलचा डबा म्हणाला. “पण काम झालं की मी परत येणार. जळणं आपल्याला जमत नाही बुवा.”

पेट्रोलमध्ये मिसळायच्या टू-टी ऑइलची छोटी पुडी म्हणाली, “मी येते, दादा. मला परतायचं नसतं, मी पेट्रोलबरोबरच जळून धूर होते. फक्त बेतानं मिसळा, नाहीतर तुमचाच श्वास कोंडेल.”

ती पेट्रोलमध्ये मिसळली. फणस कापला गेला, वाट मोकळी झाली. पिस्टनवर साधा ओरखडाही नव्हता.

“केवढा हा धूर!” लोक नाक दाबून म्हणाले.

पिस्टन आतून हळूच म्हणाला, “तिला असं नका बोलू.”