चाळीस काळ्या मेंढ्या आणि पाद्रीबाबांचं क्रियापद

"या मेंढ्या तुझ्या कशावरून?" भीमबहादूर राजे गरजले.

ठकू धनगरीण हात जोडून पुढे झाली. तिच्या चाळीस लेकुरवाळ्या मेंढ्या चरता चरता राजांच्या तीनशे मेंढ्यांत घुसल्या होत्या आणि सगळ्याच काळ्याकुट्ट! घरची चूल पेटायची ती त्या चाळिसांच्या जिवावर.

"माजी मेंढरं म्या वळखते की, सरकार!"

"थांबा, थांबा!" शेजारी बसलेले पाद्रीबाबा टुणकन उठले. राजांच्या शास्त्रीबुवांना हाताशी धरून ते आपला धर्मग्रंथ मराठीत उतरवत होते आणि तीन दिवस एकाच क्रियापदापाशी अडले होते. "आमच्या ग्रंथात हेच आहे! मेंढपाळ आपली मेंढरं जाणतो. पण ते इंग्रजी क्रियापद तिथे भलतंच ऐसपैस! माहीत असणं, ओळखणं, माया करणं, सगळं त्याच्याच पोटात!"

"छट्!" शास्त्रीबुवांनी नाक मुरडलं. "जाणणं म्हणजे माहिती असणं. संख्या, रंग, वय. संपलं!"

राजे पडले हट्टी. "आत्ताच निकाल लावू! पोरी, डोळ्यांवर पट्टी बांधायची. हाक मारायची नाही, मेंढीला हात लावायचा नाही. तुझ्या चाळीस दाखव. नाही जमलं तर मेंढ्या माझ्या!"

ठकू रडकुंडीला आली. मग तिने कललेला दिवस पाहिला आणि गालातल्या गालात हसली.

"बांधा पट्टी! फकस्त आमच्या वाघुरीतली कोकरं हितं आणून सोडा."

दिवसभर त्या जाळीच्या कुंपणात कोंडलेली भुकेली कोकरं सुटली मात्र, काय तो गोंधळ! परक्या मेंढीला तोंड लावलं की बसलीच ढुशी! एक दिवटं तर शास्त्रीबुवांच्या धोतरालाच लुचू लागलं. त्याला कसंबसं आईकडे पिटाळलं, तोवर बाकीच्या कोकरांच्या शेपट्या आपापल्या आईखाली वळवळत होत्या.

"मोजा, सरकार!" पट्टीआडून ठकू म्हणाली.

"भरल्या चाळीस! पण लबाडे, ओळखलं ते कोकरांनी. तू काय ओळखलंस?"

"कोन कुनासाठी भुकेजतंय आन कवा, ते! आकडा आन रंग काय, चोरालाबी ठावं असत्यात!"

राजे पागोटं घरंगळेपर्यंत हसले.

"पाद्रीबाबा, शास्त्र्यांना द्या सुट्टी! उरलेला ग्रंथ हिला विचारून लिहा! आणि ठकू, तुझ्या चाळीस ने, माझ्या कळपातला आवडेल तो एडका ने. आजपासून तुझी मेंढरं आमच्या कुरणात उजळ माथ्यानं चरतील!"